पाचवा रकाना

मंडळी, या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसानं यकृताच्या आजारावर काय म्हणून लिहायचं, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण ही गोष्ट मुळात एका तक्त्याची आहे. तक्त्यात पाच रकाने होते. नऊ वर्षांनी त्यातला पाचवा रकाना 'नीट मोजता येत नाही' म्हणून काढून टाकला, आणि तो परत यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. डेटाबेसशी रोज झटापट करणाऱ्यांना असले किस्से ओळखीचे असतात. फरक इतकाच, की इथे रकाना गेला तेव्हा त्याच्याबरोबर काही माणसंही नजरेआड झाली.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे सुरुवात तालमीपासून होणार हे ओघानं आलंच :-)

आमच्याकडे ताकद मोजायला कधी यंत्र लागलं नाही. गंगावेस असो, मोतीबाग असो की शाहूपुरी, नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला वजन विचारत बसत नाही. मनगट बघतो, मांडी बघतो, खांदा दाबून बघतो आणि म्हणतो, "हं, मार बघू बैठका." किती मारल्या ह्याच्यापेक्षा कशा मारल्या, शेवटच्या दहा मारताना गडी कसा उठला, ह्यावर सगळा हिशेब. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं जुनं प्रेक्षागार पाहून आले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. तेव्हापासून ह्या गावातल्या चहावाल्यालासुद्धा गड्याची पिंडरी बघून अंदाज बांधायची सवय आहे.

आणि वजन म्हणजे ताकद नव्हे, हे तर आम्हाला कुणी शिकवायलाच नको. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या आतल्या गटात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ५७ किलो! आज एखाद्या आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ह्या वजनाचा माणूस दिसला तर लोक त्याला 'जरा खात जा रे' म्हणतील.

आता ह्याच्या उलट टोकाला जाऊ. यकृताचा जुना आजार, म्हणजे सिरॉसिस. दारू, हेपॅटायटिस बी किंवा सी, चरबी साठून खराब झालेलं यकृत, कारण काहीही असो, यकृतात हळूहळू व्रण पडत जातात आणि ते निबर होतं. आजार पुढे गेला की पोटात पाणी साठतं. त्याला आपल्याकडे जलोदर हा जुना शब्द आहे. हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. कानशिलं खोल गेलेली, गालफडं बसलेली, अंगठ्याखालची गादी सपाट झालेली. ह्या माणसाला काट्यावर उभं केलं तर वजन जैसे थे! कधी कधी तर चार किलो वाढलेलंच. म्हणजे इकडून मांस चाललंय, तिकडून पाणी भरतंय, आणि काटा बिचारा फक्त बेरीज दाखवतोय. नातेवाईकही म्हणतात, "वजन तर कमी नाही झालं हो."

वजनावर (आणि वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणाऱ्या त्या प्रसिद्ध बीएमआयवर) किती विसंबायचं ह्याचं एक झकास उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आकडा एकच, आत माल वेगळा. आपण भारतीय बारीक दिसतो पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे याज्ञिकांचं म्हणणं. आता विचार करा, ज्याच्याकडे मुळातच स्नायूंची शिल्लक कमी आहे, त्याला यकृताचा आजार झाला तर तो ती शिल्लक किती दिवस पुरवणार?

तर आता तक्ता.

१९६४ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले दोन सर्जन, चार्ल्स चाइल्ड आणि जेरेमाया टर्कॉट, ह्यांना एक व्यवहारी प्रश्न सोडवायचा होता. सिरॉसिसच्या रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया करायची तर तो टेबलावरून परत येईल का? त्यांनी पाच गोष्टी निवडल्या. रक्तातलं बिलिरुबिन (ज्यानं कावीळ दिसते ते), रक्तातलं अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवर आलेली धुंदी, आणि पाचवी गोष्ट म्हणजे अंगलट, पोषण. उत्तम, बरं, की खंगलेलं. ह्यावरून अ, ब, क असे तीन वर्ग. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेतून येणार, बाकीच्या तीन डॉक्टरनं रुग्णाकडे बघून ठरवायच्या. म्हणजे पाचवा रकाना हा शुद्ध वस्तादी रकाना होता!

१९७३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी हा तक्ता सुधारला. प्रत्येक रकान्याला १ ते ३ गुण दिले, बेरीज ५ ते १५. आणि पाचवा रकाना काढून तिथे रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. कारण उघड होतं. एका डॉक्टरला 'बरं' वाटलेलं पोषण दुसऱ्याला 'खंगलेलं' वाटणार. रक्त गोठायचा वेळ मात्र घड्याळ सांगतं. इंजिनियर म्हणून मला हा निर्णय पूर्ण पटतो. कुणी माझ्यापुढे 'यूजरचा मूड' असा रकाना आणून ठेवला तर मीही तो उडवीन. हाच तक्ता 'चाइल्ड-प्यू' नावानं जगभर गेला आणि आजही वापरात आहे.

पण रकाना उडवताना एक टीप लिहून ठेवायची असते: 'हे महत्त्वाचं आहे, फक्त मोजायची रीत सापडलेली नाही.' ती टीप कुणी लिहिली नाही. मग पुढच्या पिढीला वाटलं की जे तक्त्यात नाही ते महत्त्वाचंच नसावं.

ह्याच काळात दुसरीकडे एक वेगळंच प्रकरण चालू होतं. यकृत बिघडलं की आतड्यातून येणारा अमोनिया रक्तातून मेंदूकडे जातो आणि माणूस भ्रमिष्टासारखा करायला लागतो. हा अमोनिया बराचसा प्रथिनांपासून बनतो. १९५० च्या दशकात लंडनच्या शीला शेरलॉक आणि इतर डॉक्टरांनी ह्या रुग्णांची प्रथिनं तोडली तेव्हा धुंदी उतरताना दिसली. तर्क सरळ होता: प्रथिनं कमी, अमोनिया कमी. आणि मग पुढची काही दशकं जगभर यकृताच्या रुग्णांचं ताट रिकामं होत गेलं. आपल्याकडे तर कावीळ म्हटलं की डाळ नको, अंडं नको, मटण तर नावच काढू नका, उसाचा रस प्या, ही पथ्याची परंपरा होतीच. तिला वरून शिक्का मिळाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात एखाद्या घरी सहा महिने मटण शिजलं नाही तर समजायचं, आत कुणीतरी यकृतानं आजारी आहे.

ह्या तर्कात एक भोक होतं. यकृत काम करेनासं झालं की अमोनिया उचलायचं काम स्नायू अंगावर घेतात. स्नायू त्याचं ग्लुटामिन करतात आणि रक्त तेवढं स्वच्छ होतं. म्हणजे मुख्य सर्व्हर पडल्यावर चालणारा बॅकअप सर्व्हर म्हणजे स्नायू. आणि आपण काय केलं? प्रथिनं तोडून बॅकअपचीच वीज बंद केली. स्नायू झिजले, अमोनिया वाढला, धुंदी वाढली, मग 'प्रथिनं आणखी कमी करा'! २००४ साली बार्सिलोनाच्या डॉ. कोर्दोबा आणि सहकाऱ्यांनी धुंदीत गेलेल्या रुग्णांचे दोन गट करून एकाला नेहमीइतकी आणि दुसऱ्याला कमी प्रथिनं दिली. धुंदी उतरण्यात काही फरक नाही. उलट कमी प्रथिनांच्या गटात शरीरानं स्वतःचीच प्रथिनं जास्त तोडली. २०१३ साली क्लीव्हलँडच्या डॉ. श्रीनिवासन दासरथी ह्यांच्या गटानं पुढची कडी दाखवली: अमोनिया वाढला की स्नायूंमध्ये मायोस्टॅटिन नावाचं द्रव्य वाढतं, आणि त्याचं कामच स्नायूंची वाढ रोखणं. म्हणजे चक्र पुरतं बंद. स्नायू कमी म्हणून अमोनिया जास्त, अमोनिया जास्त म्हणून स्नायू कमी. बाहेर पडायची अटच न लिहिलेला लूप!

त्याच २०१३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं स्पष्ट लिहिलं, की ह्या रुग्णांना रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. निरोगी माणसाला साधारण ०.८ ग्रॅम पुरतात असं धरतात. म्हणजे आजाऱ्याला निरोग्यापेक्षा जास्त.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सिरॉसिसचा माणूस रात्री जेवून सकाळी उठतो तेव्हा त्याच्या शरीराची अवस्था दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या निरोगी माणसासारखी असते. यकृतात साखरेचा साठाच नसतो, मग रात्रभर शरीर स्नायू मोडून खातं. म्हणून झोपायच्या आधी काहीतरी खायला द्या, हा सल्ला १९८९ पासूनच्या अभ्यासांतून पुढे आला. औषध नाही, इंजेक्शन नाही, रात्री दहाची दूधभाकरी! आणि आपल्याकडे ह्याच माणसांना एकादशी, संकष्टी करताना आपण बघतो.

असो. परत तक्त्याकडे.

२००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं प्रत्यारोपणासाठी यकृत कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला नवी पद्धत आणली. नाव 'मेल्ड'. ती घडवणाऱ्यांत मेयो क्लिनिकचे भारतीय वंशाचे डॉ. पॅट्रिक कामत प्रमुख होते. ह्यात डॉक्टरच्या नजरेला जागाच नाही. बिलिरुबिन, रक्त गोठण्याचं माप आणि क्रिएटिनिन, तीन आकडे सूत्रात घाला, गुण काढा. जास्त गुण म्हणजे जास्त आजारी, रांगेत पुढे. वशिला नाही, ओळख नाही. खरोखर मोठी सुधारणा होती ही.

पण क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूंतून! मूत्रपिंड बिघडलं की ते रक्तात वाढतं, म्हणून ते सूत्रात घेतलं. पण ज्याचे स्नायूच झिजलेत त्याच्यात ते मुळात तयारच कमी होतं. म्हणजे मूत्रपिंड खराब असूनही आकडा बरा दिसणार, गुण कमी मिळणार आणि तो रांगेत मागे राहणार. बघा गंमत. जो जास्त खंगला तो कागदावर कमी आजारी. पाचवा रकाना नुसता गेला नाही, तो मागच्या दारानं उलट्या चिन्हासह परत आला. ह्याचा फटका जास्त बायकांना बसला, कारण त्यांचे स्नायू पुरुषांपेक्षा मुळात कमी. 'मेल्ड' आल्यानंतर यादीवर असलेल्या स्त्रिया यकृत मिळायच्या आधी दगावण्याचं किंवा प्रत्यारोपणाच्याही पलीकडे जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दुरुस्ती आली 'मेल्ड ३.०' मध्ये: स्त्रियांना १.३३ गुण जास्त आणि अल्ब्युमिनचा समावेश. सूत्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, अमेरिकेत लागू झालं २०२३ मध्ये. एकवीस वर्षं चाललेला बग!

दरम्यान मोजायची साधनं मात्र तयार होत होती. काही तर फार आधीपासून पडून होती. हाताची पकड मोजायचं यंत्र पॅरिसच्या रेन्ये ह्यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलं. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती! निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ ह्यांना वेगवेगळ्या वयाच्या माणसांची ताकद तुलनेसाठी हवी होती, त्यातून हे यंत्र निघालं. दोनच वर्षांनी पेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी ते जहाजावर घेऊन ऑस्ट्रेलियाकडे गेला, तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातात देऊन 'दाबा' म्हणाला, आणि आकडे कमी आले म्हणून 'रानटी माणसं दुबळी' असा निष्कर्ष काढून मोकळा झाला. ज्यांनी असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं त्यांनी ते किती जीव लावून दाबलं असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. मोजमापाच्या इतिहासात हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्नायूंच्या ह्या झिजेला नाव मिळालं १९८९ मध्ये. अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग ह्यांनी ग्रीक शब्दांवरून 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचवला, अर्थ सरळ 'मांसाची तूट'. त्यांच्यापुढे म्हातारपण होतं, यकृतवाल्यांनी तो नंतर उचलला. २००४ साली दाखवलं गेलं, की कमरेच्या एकाच पातळीवरच्या आडव्या छेदातून सगळ्या शरीरातल्या स्नायूंचा चांगला अंदाज येतो. यकृताच्या रुग्णाचा सीटी स्कॅन बहुतेक वेळा झालेलाच असतो. त्यातला कमरेच्या तिसऱ्या मणक्याचा एक छेद घ्यायचा, स्नायूंचे पिक्सेल मोजायचे, येणाऱ्या चौरस सेंटिमीटरला उंचीच्या वर्गानं भागायचं. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुरुषांसाठी ५० आणि स्त्रियांसाठी ३९ ही रेघ सुचवली. पण ही रेघ तिकडच्या माणसांची. दिल्लीच्या यकृत संस्थेतल्या संशोधकांनी निरोगी भारतीयांचे स्कॅन मोजले तेव्हा आपली मापं कमी भरली. तिकडची रेघ इकडे लावली तर चांगला धट्टाकट्टा माणूसही 'झिजलेला' ठरेल. पेराँचं भूत अजून फिरतंय ते असं.

आणि नुसतं मांस किती हे कळून भागत नाही, त्यात दम किती हेही बघावं लागतं. २००५ साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रीच्या डॉक्टरांनी सिरॉसिसच्या ५० रुग्णांची पोषणाची तपासणी तीन पद्धतींनी केली. पुढच्या वर्षभरात कुणाला मोठी गुंतागुंत होईल हे फक्त एकाच पद्धतीनं सांगितलं: हाताच्या पकडीनं.

मग २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जेनिफर लाय आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या रुग्णांसाठी दुबळेपणाचा निर्देशांक काढला. त्यात मोजायचं काय? एक, हाताची पकड, तीनदा दाबून सरासरी. दोन, हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं, किती सेकंद लागले ते. तीन, पाय जोडून, मग अर्धे पुढे-मागे, मग एकापुढे एक ठेवून प्रत्येकी १० सेकंद तोल सांभाळायचा. झालं. पकड, बैठका आणि तोल! वस्ताद दुसरं काय बघतो?

सूत्र बघून तर मला आमच्या धंद्यातलंच काही वाचतोय असं वाटलं. सुरुवात ६ पासून. त्यातून पकडीचे (स्त्री-पुरुष फरक धरून) ०.३३० पट वजा, दर सेकंदाला होणाऱ्या उठबशांचे २.५२९ पट वजा, तोलाच्या सेकंदांचे ०.०४० पट वजा. ३.२ च्या खाली आलात तर धडधाकट, ४.५ किंवा वर गेलात तर दुबळे, मधले काठावरचे. समजा एकाची पकड सरासरीइतकी आहे आणि तोल पूर्ण ३० सेकंद राहतो. पाच उठबशांना १५ सेकंद लागले तर निर्देशांक साधारण ३.९६. तोच माणूस खुर्चीवरून उठूच शकला नाही तर ४.८, सरळ दुबळ्यांत. बिलिरुबिन तेच, क्रिएटिनिन तेच, 'मेल्ड' तेच. फरक फक्त मांड्यांचा. आणि दोघांचे 'मेल्ड' सारखे असतानाही यादीवर कोण आधी दगावेल ह्याचा अंदाज ह्या निर्देशांकानं जास्त चांगला येतो, हे ह्या अभ्यासाचं सार.

ह्याला सामान काय लागतं? एक खुर्ची, एक स्टॉपवॉच आणि पकड मोजायचं यंत्र. आपल्या सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कुठेही पाच-दहा मिनिटांत होण्यासारखं काम आहे. सूत्र मोबाईलमध्ये बसतं. आणि हा आकडा सुधारता येतो! बिलिरुबिन रुग्णाच्या हातात नाही, खुर्चीवरून उठणं थोडंफार आहे. प्रथिनं, रात्रीचं खाणं, झेपेल तसं चालणं आणि उठबशा. (अर्थात डॉक्टरांना विचारूनच. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, पोटातलं पाणी, मिठाचं पथ्य अशा भानगडी असतात. ब्लॉग वाचून कुणी जोर मारायला लागू नका.)

कुणी म्हणेल, शेवटी नजरेनं कळत होतं तेच यंत्रानं सांगितलं, मग एवढा उपद्व्याप कशाला? मला तसं वाटत नाही. वस्तादाची नजर वस्तादापाशी राहते. ती फाइलमध्ये लिहिता येत नाही, पुण्या-मुंबईच्या प्रत्यारोपण केंद्राला पाठवता येत नाही, तीन महिन्यांनी परत मोजून 'बघा, सुधारलंय' असं दाखवता येत नाही. प्यूंनी रकाना काढला तो नजरेचा अपमान म्हणून नाही, तिला आकड्यात बसवता येईना म्हणून. चूक काढण्यात नव्हती, रिकाम्या जागेचा विसर पडण्यात होती. त्या विसराची किंमत मोजली ती पथ्याच्या नावाखाली उपाशी राहिलेल्यांनी, आणि कागदावर 'बऱ्या' दिसणाऱ्या, प्रत्यक्षात खुर्चीवरून उठता न येणाऱ्या बायांनी.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारात कुणी यकृताच्या आजाराचं असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना एवढंच विचारा: "ह्यांची ताकद कशी मोजायची? आणि ताटात प्रथिनं किती असू देत?" बहुतेक डॉक्टरांना प्रश्न आवडेल. आणि हो, संकष्टीचा उपास सोडवायची जबाबदारी मात्र तुमची. त्याला कुठलंही सूत्र नाही :-)